साल धरलंय का माझं?

आज सकाळी साडेअकराला एका कंपनीने माझं काम बंद केलं. साडेतीन वर्षांचं काम आणि नऊ मिनिटांचा कॉल. कारण काय, तर त्यांच्याशिवाय मी आणखी दोन ठिकाणी काम करतो हे त्यांना कळलं. कळलं म्हणजे, त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. त्यावर पलीकडचा पोरगा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला म्हणतो, "सर, तुमची लॉयल्टीच नाही."

तेव्हापासून डोकं सणकलंय. दुपारचं ताट तसंच परत गेलं.

माझा बाप अमळनेर तालुक्यात सालदार होता. खान्देशातल्यांना सालदार म्हणजे काय ते सांगायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला साल ठरतं, पुढच्या आखाजीला सुटतं. मधलं वर्ष माणूस मालकाचा. पहाटे गोठा, दिवसा नांगर-वखर, रात्री खळ्यावर झोप. पण त्या बदल्यात ठरलेली रक्कम होती, दादर ज्वारी होती, उचल होती. पोरगं आजारी पडलं तर मालकाच्या दारात जाऊन उभं राहायचा हक्क होता. आबांनी अकरा सालं एकाच पाटलांकडे काढली. २००३ च्या आखाजीला पाटील म्हणाले, आता ट्रॅक्टर घेतलाय, वर्षभर माणूस परवडत नाही, लागेल तसा रोजाने येत जा.

आबा रोजाने जाऊ लागले. दिवसा पाटलांकडे, आणि रात्रीची लाईट असली की शेजारच्या शिवारात दुसऱ्याच्या कपाशीला बारं, म्हणजे पाणी द्यायला. एका पहाटे पाटलांनी त्यांना तिकडून येताना पाहिलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. म्हणाले, "काय रे, आमचं खाऊन दुसऱ्याचं भिजवतोस?" आबा म्हणाले, "साल व्हतं तवय मी तुमना व्हतू, पाटील. आते रोज शे. झोप मनी गयी, तुमनं काय गयं?"

मी तेव्हा नववीत होतो, मागे डबा घेऊन उभा होतो. बापाला मालकासमोर मान वर करून बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता माझा करार बघा. पहिल्याच पानावर लिहिलंय की मी त्यांचा कर्मचारी नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही, विमा नाही. महिन्याला ८० तास, तेवढ्याचं बिल, त्यातून १० टक्के टीडीएस कापून पैसे, तेही दीड महिन्याने. लॅपटॉप माझा, इन्व्हर्टर माझा, मे महिन्यात दुपारी वीज गेली की मोबाईलचं नेटही माझंच. दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला, अकरा दिवस पडून होतो. त्या अकरा दिवसांचा एक रुपया मिळाला नाही. विचारलं तर उत्तर आलं, कंत्राटदाराला रजा नसते. बरोबर आहे, नसते. मीही मुकाट्याने ऐकलं. मग भो, त्या दिवशी मी तुमचा कोणी नव्हतो, आणि आज अचानक तुमचाच कसा झालो?

सालदाराची निष्ठा हवी तर साल धरा ना. रोजंदाराचा भाव द्यायचा आणि वर्षभराचं इमान मागायचं, हा कुठला न्याय?

दुपारी घरच्या ग्रुपवर सांगितलं तर एका भावाने लगेच २०२२ चं उदाहरण टाकलं. दुसरीकडेही काम करतात म्हणून विप्रोने ३०० जणांना काढलं होतं, विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजींनी याला सरळ फसवणूक म्हटलं होतं. अरे बाबा, ते कायम नोकरीवाले होते! त्यांचं साल धरलेलं होतं. दुसऱ्याने १९४८ च्या कारखाना कायद्याची आठवण करून दिली, त्यात एका दिवशी दोन कारखान्यांत राबायला बंदी होती म्हणे. होती, ती कामगाराच्या अंगावर दुहेरी पाळी पडू नये म्हणून होती, मालकाच्या अहंकारासाठी नव्हती. असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

हां, एकाच वेळी दोन ठिकाणी पूर्णवेळ नोकरी घेऊन दोघांना खोटं सांगणारे आहेत, ते चूकच. एकाचं गुपित दुसऱ्याला विकणारा तर चोरच. आणि माझ्याकडूनही एकदा दोन मीटिंगा एकाच वेळी आल्या, एकीला मी २० मिनिटं उशिरा गेलो. त्याची माफी मागितली, ते तास बिलात धरले नाहीत. पण साडेतीन वर्षांत एक काम तारखेच्या पुढे गेलेलं दाखवा. त्या पोरालाही हेच विचारलं. तो म्हणाला, "कामाचा प्रश्न नाहीये सर."

मग कशाचा आहे?

मला खरं लागलंय ते इथे. काम चोख होतं हे त्याने मान्य केलं आणि तरी काढलं. पाटलांनी निदान आबांना दुसऱ्या दिवशी परत कामावर घेतलं होतं. चार दिवस बोलले नाहीत, पण घेतलं.

तीन ठिकाणी मी हौसेने राबत नाही. रात्री साडेआठ ते साडेबारा अमेरिकेच्या घड्याळावर बसतो ते दोन वेळा काम अचानक बंद झालेलं पाहिलंय म्हणून. पुण्यातली खोली सोडून गावी आलो ते आईच्या गुडघ्यांसाठी. तीनपैकी एक दार आज बंद झालं, दोन उघडी आहेत, म्हणून निदान घराचा हप्ता जाईल. एकाच दारावर बसलो असतो तर आज काय केलं असतं, सांगा.

तो पोरगाही वाईट नसेल. त्यालाही वरून कोणीतरी सांगितलं असेल. शेवटी त्याचा आवाज जरा खाली आला होता.

या महिन्याचं १९ दिवसांचं बिल पाठवलंय. तुमच्यापैकी जे कोणी असं कंत्राटावर काम करतात, त्यांनी आज आपला करार काढून बघा, 'इतरत्र काम करणार नाही' अशी ओळ आहे का. असेल तर पुढच्या सहीआधी खोडून घ्या, नाहीतर तिचे वेगळे पैसे मागा. माझ्या करारात ती नव्हती. तरी हे झालं.

संध्याकाळी ओट्यावर आबांना सांगितलं. रिमोट, कॉन्ट्रॅक्ट त्यांना कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यास्नं काम बाकी शे का?"

म्हटलं, नाही.

"मंग जेवी ले."