शास्त्रीय नाव म्हणजे प्रजातीचं आधार कार्ड? नाही हो भाऊ

जळगाव-धुळ्याच्या निसर्गवाल्या ग्रुपांत एक मेसेज दिवसाआड येतोय: "शास्त्रीय नाव म्हणजे प्रजातीचा आधार नंबर. एका प्रजातीला एकच, कधी बदलत नाही, दुसऱ्या कोणाला मिळत नाही. नोंदी करताना वेगळा आयडी कशाला, नावच वापरा." ऐकायला झकास, पण तिन्ही गोष्टी चूक.

आधी "बदलत नाही" घ्या. बाभूळ, अहिराणीत बाभूय, जुन्या पुस्तकांत अकेशिया निलोटिका. २००५ ला व्हिएन्नाच्या वनस्पती काँग्रेसमध्ये (वनस्पतिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद) अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११ ला मेलबर्नला ते कायम झालं न् आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका. झाड बांधावर जिथल्या तिथं! माझ्याच शीटमध्ये जुन्या नोंदी एका नावाने, नव्या दुसऱ्या, पिव्होट (जातवार गोषवारा) काढला तर बाभूळ दोन ओळीत, आणि मी येडा खुश की एक जात वाढली.

रानपिंगळ्याचं, म्हणजे त्या छोट्या घुबडाचं, तसंच. ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने १८७३ ला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी म्हटलं, १८८४ नंतर कोणाला दिसला नाही, १९९७ ला आपल्या शहाद्याकडे सापडला, आणि आता बऱ्याच याद्यांत तो अथेने ब्लेविटी (ह्यूम, १८७३). तो कंस शोभेचा नाही, मूळ नावातला वंश, म्हणजे पहिला शब्द, बदललाय याची खूण आहे. डेटा "साफ" करणारे नेमका तोच उडवतात.

"एकच" म्हणाल तर केळीच्या म्युसा पॅराडिसियाकात मधे गुणिले चिन्ह असतं, कारण तो संकर. कोणी तिथं एक्स टाइप करतं, कोणी गाळतं, कॉम्प्युटरला तीन वेगळी नावं.

"दुसऱ्याला मिळत नाही"? वड-पिंपळाचा वंश फायकस, आणि एका समुद्री गोगलगायीचाही फायकसच. प्राण्यांची नियमावली वेगळी, वनस्पतींची वेगळी, त्यामुळे हे चालतं.

म्हणून दोन टेबल करा. एकात नावं, लेखक (म्हणजे नाव देणारा) न् सालासकट, जशी लिहिली तशी. दुसऱ्यात प्रजाती, स्वतःच्या नंबरने. प्रत्येक नाव नंबरला जोडा, समोर मान्य की जुनं ते लिहा, जुनं खोडू नका.

तरी कोल्हा अडवतोच. त्याचं नाव कॅनिस ऑरियस, त्यातून २०१५ ला आफ्रिकेतले वेगळे काढले, नाव तेच राहिलं पण त्यात कोण-कोण ते बदललं, म्हणून कोणत्या सालच्या यादीप्रमाणे ओळखलं तोही एक कॉलम लागतोच.