कलाशाळा श्रीमंतांची? मुळीच नाही

आमच्या पालकांच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. सोबत एका टोलेजंग इमारतीचा फोटो. खाली लिहिलंय: 'न्यूयॉर्कची ही लागार्डिया कलाशाळा म्हणजे श्रीमंतांच्या पोरांची हौस. तिथं अभ्यास नसतो. सोलापूरसारख्या कामगारांच्या गावाला असली थेरं परवडत नाहीत.' मी इथं सोलापुरात बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय. हा मेसेज वाचून एका वडिलांनी नववीतल्या मुलीची चित्रकला बंद केली, म्हणून उत्तर देतोय.

पहिलं, श्रीमंतीचं. ही शाळा सरकारी आहे, फी नाही. महापौर फिओरेलो लागार्डिया यांनी ती १९३६ साली काढली, म्हणजे ऐन महामंदीत, लोकांच्या हाताला काम नव्हतं तेव्हा. त्यांचे वडील लष्करात बँडमास्तर होते. मुलांनी वाजवून दाखवायचं, चित्रं दाखवायची आणि त्यावर प्रवेश मिळवायचा. शाळा तेव्हा भरायची न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या टेकडीवर. फोटोतली इमारत नंतरची, १९८४ची.

अभ्यास नसतो, हे तर साफ खोटं. गणित, विज्ञान, इतिहास सगळं शिकून बोर्डाच्या परीक्षा द्याव्याच लागतात. उलट २०१९मध्ये तिथली मुलं शाळेतच ठिय्या देऊन बसली. तक्रार अशी की अभ्यासाच्या गुणांना फार वजन देऊन कलेला मागं ढकललं जातंय.

आता सोलापूरचं. हे मला जास्त लागलं.

चादरीवरचा मोर कुठून येतो? आधी कोणीतरी तो कागदावर काढतो. मग चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवतो. प्रत्येक घर म्हणजे ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, धाग्याला एक हुकूम, वर ये किंवा खाली राहा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पडतात आणि मागावरचं जकार्ड यंत्र त्याप्रमाणे धागे उचलतं. एक घर चुकलं की मोराची चोच तुटते, आणि ती प्रत्येक चादरीवर तुटलेलीच येते. ज्या गावाची चादर देशभर नावानं ओळखली जाते, त्या गावाला चित्रकला परवडत नाही?

अतुल कुलकर्णी यांनी इंजिनिअरिंग सोडलं आणि इथल्या 'नाट्य आराधना' या नाट्यसंस्थेत काम केलं. पुढं ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. तेही याच गावातून.

आणि गुणांचीच काळजी असेल तर सरकारच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीत ७ गुण वाढतात.

त्या मुलीचे वडील स्वतः चादरीच्या कारखान्यात आहेत. तिचा इंटरमिजिएटचा फॉर्म अजून भरलेला नाही. रविवारी मी त्यांच्या घरी जातोय, चौकटीचा एक जुना कागद बरोबर घेऊन.