गुरुवारी कोण येणार?

ही पोस्ट टाकण्याआधी दादाला पूर्ण वाचून दाखवली. दोन वाक्यं त्याने काढायला लावली, ती काढली. बाकीचं "टाक" म्हणाला, म्हणून टाकतेय.

माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. चोविसाव्या वर्षी सुरू झाला, आज तो ५३ वर्षांचा आहे. तो, आई आणि मी, आम्ही तिघं कराडला राहतो. अशा आजारामुळे रोजच्या जगण्यात जे अडथळे येतात त्याला आता मनोसामाजिक अपंगत्व म्हणतात. आमच्या पालकगटात, म्हणजे अशा आजारी माणसांच्या घरच्यांच्या गटात, आम्ही आजारी माणसाला शुभार्थी म्हणतो आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. मला हे शब्द आवडतात. पण आज मला लिहायचंय ते या दोघांच्या मधल्या माणसाबद्दल, जो घरातला नसतो, डॉक्टरही नसतो, पण ठरल्या दिवशी दारात उभा असतो.

जून २०१८ मध्ये एका संस्थेकडून एक कार्यकर्ती आमच्याकडे यायला लागली. दर गुरुवारी, दुपारी चार वाजता. वयाने दादापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण तो तिला ताईच म्हणायचा. अर्थात हे "ताई" ऐकायला सात आठवडे लागले. पहिले सात गुरुवार दादा आतल्या खोलीतून बाहेरच आला नाही. ती ओसरीवर आईसोबत मेथी निवडत बसायची. निघताना खोलीच्या दाराशी जाऊन एवढंच म्हणायची, "दादा, मी निघते. पुढच्या गुरुवारी चार वाजता येते." आणि यायची. पावसात एसटी रखडली तेव्हा साडेचारला आली, तर आधी दाराशी जाऊन उशीर का झाला ते सांगितलं. आठव्या गुरुवारी दादा बाहेर आला आणि विचारलं, "तुम्ही चारलाच का येता?" तिथून बोलणं सुरू झालं.

खरं सांगते, त्या सात आठवड्यांत मी वैतागले होते. येते, भाजी निवडते, जाते, ह्याला काय काम म्हणायचं, असं आईला बोलूनही दाखवलं. संस्थेच्या वहीत त्या सात भेटींपुढे "सहभाग नाही" एवढंच लिहिलेलं असणार. पण ते सात गुरुवारच खरं काम होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे दादा कालनिर्णयवर गुरुवारांभोवती पेनने गोल करायला लागला. महिना बदलला की पहिलं काम ते.

आता ती नेमकं काय करायची? वरवर पाहिलं तर साध्या गोष्टी. त्याच्यासोबत प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या संगमाशी, चालत जाणं. बँकेत त्याला स्वतःची स्लिप स्वतः भरू देणं आणि मागे रांगेत उभं राहणं. गोळ्या घेतल्या का हे न विचारता "या आठवड्यात झोप कशी आहे" असं विचारणं. पण ह्या साध्या गोष्टींतून तिच्याजवळ एक माहिती साठत गेली, जी तीस वर्षं एकाच घरात राहून आमच्याजवळ नव्हती. दादाचा आजार उचल खातो तेव्हा त्याला आवाज यायला लागतात ते शेवटी. त्याच्या दहा-बारा दिवस आधी तो चपला बाहेरून उचलून आत, स्वतःच्या खाटेखाली ठेवायला लागतो. मग आईच्या हातचा चहा नको म्हणतो, स्वतः करून पितो. मग रेडिओवरची बाई आपल्याला उद्देशून बोलते म्हणतो. आम्हाला दिसायचं ते रेडिओपासून पुढचं. तिने चपला पाहिल्या.

२०१९ च्या दिवाळीआधी तिने त्या खाटेखाली पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्याच डॉक्टरांना भेटूया." दादालाही तिने तोंडावर सांगितलं, लपवलं नाही. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं. ती दिवाळी दादाने घरी काढली, आकाशकंदील त्यानेच लावला. त्याआधीच्या सहा वर्षांत तो तीनदा दवाखान्यात भरती होता. ती येत होती त्या तीन वर्षं चार महिन्यांत एकदाही नाही. हे एकट्या तिचं श्रेय आहे असं मी म्हणणार नाही, त्याच काळात औषधही बदललं होतं.

पण त्या औषधाचीच गोष्ट ऐका. क्लोझापिन. बाकीची औषधं लागू पडत नाहीत तेव्हा देतात. क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने धोकादायक इतक्या कमी होतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. आणि दादाची जुनी भीती काय, तर आपलं रक्त काढून कुठेतरी पाठवतात. अशा माणसाने अठरा वेळा दंड पुढे करायचा! ती प्रत्येक वेळी लॅबमध्ये शेजारी बसली. बाटलीवर नाव लिहिताना त्याला दाखवायला लावलं, रिपोर्ट आला की आधी त्याच्या हातात दिला. तिच्या जागी दर वेळी नवीन माणूस असता तर हे औषध दुसऱ्या आठवड्यात बंद पडलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजताना चार गोष्टींना गुण देतात: स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम. शिवाय आजार किती वर्षांचा हे धरतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सवलती. दादा तपासणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे, करतो मी" म्हणाला. स्वाभिमान असतो हो माणसाला. मी बोलायला गेले तर घरचे वाढवून सांगतात असं वाटतं. ताईने मात्र आठवड्यामागून आठवडे पाहिलेलं शांतपणे सांगितलं. आंघोळीसाठी किती वेळा आठवण करावी लागते, ओळखीचा माणूस समोरून आला तर तो रस्ता कसा बदलतो, वगैरे. दादाची आधी परवानगी घेऊन. तिच्या सांगण्यात कीव नव्हती, म्हणून त्यालाही ते चाललं.

लॉकडाऊनमध्ये ती येऊ शकत नव्हती, तेव्हा गुरुवारी चार वाजता फोन वाजायचा. दादा पावणेचारपासून फोनजवळ बसलेला असायचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ती गेली. तिचा नेमणुकीचा आदेश ११ महिन्यांचा असायचा, दर वेळी एक दिवसाचा खंड देऊन पुन्हा नवा. पगार दोन-दोन महिने लांबायचा. घरी लहान मूल, नवऱ्याचं काम सुटलेलं. दुसरीकडे बरी नोकरी मिळाली, तिने घेतली. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही. नवीन येणाऱ्या व्यक्तीसोबत तीन-चार गुरुवार एकत्र येते असं ती स्वतः म्हणत होती. संस्थेने सांगितलं, दोघींचा प्रवासभत्ता एकाच भेटीला लावता येत नाही.

त्यानंतर १४ महिन्यांत पाच जण आले. वाईट कोणीच नव्हतं, हे मुद्दाम लिहितेय. पण प्रत्येकाने पहिल्या दिवशी तेच विचारलं. आजार कधी सुरू झाला? आवाज येतात का? काय म्हणतात? जीव द्यावासा वाटला होता का? आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र आपण किती परक्या माणसांना सांगू शकतो? पाचव्याला दादा म्हणाला, "फाईलमध्ये आहे, वाचा." आणि आत गेला. फाईलमध्ये शेरा पडला: सहकार्य करत नाही.

कालनिर्णयवरचे गोल बंद झाले. मग एका भेटीत नवीन मुलगी मला म्हणाली, "चपला किती नीट आत ठेवतात दादा, छान सवय आहे." मी त्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या धावपळीत होते. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. नंतर २६ दिवस दवाखाना.

त्या मुलीची काय चूक? चपलांचं कोणी तिला सांगितलंच नव्हतं. फाईलमध्ये निदान होतं, डोस होते, भरतीच्या तारखा होत्या. चपला नव्हत्या.

हा आजार माणसाच्या विश्वासावरच घाव घालतो. समोरचा खरा आहे का, त्याला कोणी पाठवलंय का, ह्या प्रश्नांशी जो रोज झगडतो, त्याच्या दारात दर दोन-तीन महिन्यांनी नवा चेहरा वही घेऊन उभा करायचा आणि वर त्यालाच असहकारी म्हणायचं! त्याच्या संशयाला आपणच पुरावे पुरवतो.

कायद्यात काही कमी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. समाजात राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. आणि हे काम आपल्याकडे होऊ शकतं हेही पाहून झालं आहे. तामिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्रात स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला फक्त दवाखान्यातले उपचार, दुसऱ्याला त्यासोबत प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते. वर्षभराने दुसऱ्या गटाची लक्षणं आणि अपंगत्व जास्त कमी झालं होतं. फरक माफक होता, चमत्कार नव्हता. पण आमच्यासारख्या घरात माफक फरक म्हणजे घरी काढलेली एक दिवाळी.

पालकगटात एक आक्षेप नेहमी येतो, की एकाच माणसाची सवय लागली तर शुभार्थी परावलंबी होतो. मला हे पटत नाही. दादा बँकेत एकटा जायला लागला तो ताई असतानाच. मागे ओळखीचं कोणी आहे ही खात्री होती म्हणून तो पुढे गेला. ती गेल्यावर बँकही सुटली. दुसरी बाजूही आहे आणि ती खरी आहे. जुळत नसेल, कोणी हिडीसफिडीस करत असेल, तर कार्यकर्ता बदलून मागायचा हक्क शुभार्थीला हवाच. बदल त्याच्या इच्छेने व्हावा किंवा निदान त्याला सांगून व्हावा, एवढंच माझं म्हणणं.

१४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर २०२२ पासून आहे, चांगला आहे, रात्रीअपरात्री उपयोगी पडतो, जवळ ठेवा. पण फोनवरच्या आवाजाला खाटेखालचं दिसत नाही. त्यासाठी घरी येणारं माणूस लागतं आणि ते टिकायचं तर त्याला वेळेवर पगार लागतो. डॉक्टरांसाठी, इमारतीसाठी पैसे मागताना कुणाला संकोच वाटत नाही. कार्यकर्तीचा पगार म्हटलं की तिला "सेवाभावा"ची आठवण करून देतात. तिच्या घरचा गॅस सेवाभावावर पेटत नाही.

जे संस्था चालवतात, त्यांच्यापैकी काही जण ही पोस्ट वाचतील. माणूस सोडून जाणार असेल तर आम्हाला महिनाभर आधी सांगा. नवीन माणसाला जुन्यासोबत निदान तीन भेटी द्या. आणि फाईलमध्ये एक पान असं ठेवा जे शुभार्थीने स्वतः सांगून लिहून घेतलं असेल: माझं बिघडायला लागलं की आधी काय दिसतं, आणि तेव्हा मला कसं बोललेलं चालतं.

आमच्याकडे ते पान आता आहे. गेल्या वर्षीपासून एक तरुण मुलगा येतो. तोही सुरुवातीला ओसरीवर बसून राहिला, कोणी न सांगता. चौथ्या महिन्यात दादाने त्याला चपलांचं स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. ते पान दोघांनी मिळून लिहिलं, अक्षर दादाचं आहे.

त्या मुलाचा आदेश मार्चअखेर संपतो. पुढचा निघेल का, त्यालाही माहीत नाही. दादाने कालनिर्णयवर मार्चपर्यंतच गोल केलेत. मी संस्थेला पत्र लिहिलंय, खाली दादाची सही आहे, पालकगटातल्या अकरा घरांच्याही आहेत. उत्तर आलं की इथेच लिहीन.