आजींची नजर आणि सालीचे पोते : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

डीएनएच्या खुणांवरून औषधी वनस्पती कशा ओळखतात, या माझ्या लेखावरील आपली मालवणहून आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ‘आमच्या आजीला झाड ओळखायला कधी यंत्र लागले नाही, आपण परक्या विद्येच्या नादाने तिच्या ज्ञानाचा अपमान करीत आहात,’ असे आपण लिहिता. लेखात आजींचा उल्लेखही नाही. न केलेल्या अपमानाची कबुली मागण्याची ही रीत मला सभ्य वाटली नाही.

एक चूक मान्य करतो. ओळख पटवण्यासाठी वाचला जाणारा डीएनएचा आयटीएस-२ हा भाग हरितलवकातला असल्याचे मी लिहिले होते. तो पेशीच्या केंद्रकातला आहे. (२००९ मध्ये वनस्पतींच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएवरून जात ओळखण्याच्या खुणेसाठी, ज्यांची शिफारस झाली, ते आरबीसीएल आणि मॅटके हे जनुक हरितलवकातले.) दुरुस्ती केली आहे, आभार.

आता आजी. त्यांनी ओळखला तो सीता अशोक, म्हणजे ज्याची साल औषधात वापरतात तो खरा अशोक, जमिनीत उभा होता. त्याला पाने होती, नारिंगी फुलांचे घोस होते. मी चिपळूणच्या बाजारपेठेत, काष्ठौषधींच्या दुकानात वाढलो. तिथे अशोक येई तो गोणपाटाच्या पोत्यातून, बोटभर लांबीच्या वाळक्या साली होऊन, आणि त्यात रस्त्याकडेच्या उंच खोट्या अशोकाची साल मिसळलेली असण्याचा धोका तेव्हाही होता, आजही आहे. वडील साल नखाने खरवडत, हुंगत, कणभर जिभेवर ठेवून थुंकत. चाळीस वर्षांचा सराव. तरी त्यांनी पसंत केलेल्या एका पोत्यातले चार तुकडे मी पुढे तपासायला दिले. पहिल्या खेपेस हाती काहीच लागले नाही, कारण सालीतले टॅनिन डीएनएच्या प्रती काढण्याची क्रियाच अडवते. ते धुऊन काढल्यावर दुसऱ्या खेपेस डीएनएचा क्रम वाचता आला आणि दोन तुकडे खोट्या अशोकाचे निघाले. त्या रात्री वडील जेवले नाहीत. तेव्हा ज्ञानाचा अपमान म्हणजे काय, हे निदान मला तरी आपण शिकवू नये.

मूळ, साल आणि पान यांचा डीएनए एकच, म्हणून कोणता भाग विकला ते कळत नाही, हा आपला मुद्दा बरोबर आहे, पण मी तो नाकारला कुठे? उकळलेल्या काढ्यात डीएनए तुटतो, म्हणूनच कच्चा माल तपासायचा. ज्या नमुन्याशी ताळा पाहतात तो कोणी ओळखला, असेही आपण विचारता. वनस्पतिशास्त्रज्ञाने, फुलापानांवरून. यात विशेष काय, ते मला समजले नाही. खर्चाविषयी पुन्हा कधीतरी.

दुकानात दोन पुड्या बांधून ठेवल्या आहेत, दोन्हींत सालीची भुकटी. चिपळूणला आलात तर त्यांतली सीता अशोकाची कोणती, ते नुसत्या नजरेने सांगावे. चहा माझ्याकडून.