फ्युरियस नाही हो!

परवा फ्लाइट कॅन्सल झाली. का झाली ते विचारू नका, आम्हालाही कुणी सांगितलं नाही. काउंटरवरची मुलगी मान तिरकी करून म्हणाली, 'आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन' आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'आय ॲम नॉट फ्रस्ट्रेटेड, आय ॲम फ्युरियस!' आवाज मस्त लागला होता, मागची रांग गप्प झाली, आता ही मॅनेजरला बोलावणार एवढ्यात शेजारून आवाज आला, 'फ्युरियस नाही हो.'

एक काका. गळ्यात उशी, हातात शब्दकोडं.

'फ्युरियस माणूस बॅगेचं हँडल असं नीट धरून उभा राहत नाही. तुम्ही ॲनॉइड. फार तर इरेट.'

'काका, माझी फ्लाइट गेलीय!'

'माझीही तीच. मी नुसता मिफ्ड, म्हणजे जरासा नाराज आहे. सकाळपासून काही खाल्लंत का?'

'नाही.'

'मग हँग्री! हंग्री अधिक अँग्री. २०१८ साली ऑक्सफर्ड डिक्शनरीत घेतलाय.'

मग सुटलेच. कोलेरिक, म्हणजे तापट माणसाचं पिवळं पित्त वाढलेलं, स्प्लीनमध्ये म्हणजे प्लीहेत काळं पित्त, म्हणून तिकडे राग काढतात तो स्प्लीनमधून. (म्हणजे खवळायचं ते पित्तच, तिकडेही.) बायको त्यांना कर्मजन (curmudgeon) म्हणते, म्हणजे खडूस म्हातारा. इंग्रजी कोशकार जॉन्सननं १७५५ च्या डिक्शनरीत या शब्दाचं मूळ फ्रेंच 'कर मेशाँ', दुष्ट काळीज, असं दिलं आणि माहिती कळवणाऱ्याचं नाव ठाऊक नसल्यानं पुढे 'अननोन करस्पाँडंट' लिहिलं. १७७५ मध्ये ॲश नावाच्या दुसऱ्या कोशकारानं ते उतरवून घेताना बेधडक छापलं की कर म्हणजे अननोन आणि मेशाँ म्हणजे करस्पाँडंट!

मला हसू फुटलं. तिथेच घात झाला. मुलीनं मला हसताना बघितलं, प्रकरण मिटलं असं समजून 'नेक्स्ट' म्हणाली, आणि नेक्स्ट कोण, तर काका. त्यांना संध्याकाळच्या फ्लाइटची शेवटची सीट मिळाली. मिफ्ड लोकांना देत असावेत. मला दुसऱ्या दिवशीची.

रात्री मेसेज आला, 'इनकन्व्हिनियन्स रिग्रेटेड'. कुणी रिग्रेट केलं त्याचा पत्ता नाही. सोबत फीडबॅकची लिंक, त्यात रागाची सगळ्यात वरची पायरी 'व्हेरी डिससॅटिस्फाइड'. खुर्चीवर बसून रात्र काढलेल्या माणसानं डिससॅटिस्फाइडवर टिक करायची? आणि खाली लिहायला जागा दिलीय ती पण अशी की एक धड शिवी मावत नाही.