यूबिक्विटस बुरशी

"काका, यूबिक्विटस म्हणजे काय? वाक्यात उपयोग करायचाय." पुतणीनं विचारलं तेव्हा मी लग्नातल्या कोटावरची बुरशी पुसत होतो. वेंगुर्ल्यात जुलै महिन्यात दुसरं काही करायला वेळच उरत नाही. मिरग लागला की चामड्याचा पट्टा हिरवा, चष्म्याचं घर पांढरं आणि देवळात न्यायची चप्पल लव आलेल्या मांजराच्या पिल्लासारखी!

"सर्वव्यापी," मी कोट झटकत म्हटलं. तिनं लिहिलं, 'गॉड इज यूबिक्विटस.' दुसऱ्या दिवशी वहीवर लाल रेघ. देवासाठी म्हणे 'ऑम्निप्रेझेंट' लिहावं.

माझा स्वाभिमान दुखावला. शब्दकोश काढला, तर 'यू'ची पानं दमटपणानं एकमेकांना चिकटलेली. वाफेवर धरून सोडवली. मूळ लॅटिन 'यूबीक्वे', म्हणजे सगळीकडे. सोळाव्या शतकात ख्रिस्ताचं शरीर एकाच वेळी सगळीकडे असतं का, यावरून युरोपातले धर्मपंडित भांडले, ते याच शब्दाच्या भाऊबंदावरून. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो! पण आता हा शब्द देव्हाऱ्यातून उतरून बाजारात आलाय. मोबाईल, प्लॅस्टिकची पिशवी, जिकडे बघाल तिकडे दिसेल ते यूबिक्विटस. दशावतारातला हिरण्यकश्यपू 'या खांबात आहे का?' विचारतो, तसा खांब फोडून बघायची गरज नाही.

"मग माडावरचे वानर?"

ते रॅम्पंट. आवरेनासं झालेलं, बोकाळलेलं. युरोपातल्या राजचिन्हांवर मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारणारा सिंह असतो, तोही रॅम्पंटच. आमच्या कौलांवर वानर शहाळं घेऊन अगदी तस्साच उभा राहतो, फक्त मुकुट तेवढा नाही. माड मात्र यूबिक्विटस. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

"आणि बुरशी?"

इथे मी अडकलो. बोकाळलेली म्हणावी, तर आवरायला ती कधी ताब्यात होतीच कुठे? तिचे बीजाणू हवेतच असतात, दमट जागा मिळाली की बसतात.

सुक्या सुंगटांचा डबा हुंगत आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बुरशी खंय नाय तां सांग मेल्या!"

पुतणीनं लिहिलं, 'फंगस इज यूबिक्विटस इन अवर हाउस.'

वही परत आली. बरोबरची खूण, आणि खाली बाईंच्या अक्षरात: 'माइन टू.'