काका, पिन?

आज दुपारी दादर. स्टेशनजवळचं हॉटेल, जेवणाची वेळ, दारात वेटिंगवाल्यांची रांग. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या काकांनी डेबिट कार्ड वेटरच्या हातात दिलं. तो काउंटरवर गेला आणि तिथूनच ओरडला, "काका, पिन?" काकांनी खणखणीत आवाजात चारही आकडे सांगितले. जणू अजून एक सोलकढी मागवत होते. एकाही टेबलावरची मान वर झाली नाही. मला राग आला तो याचाच.

अहो, कार्ड नजरेआड गेलं की अर्ध्या मिनिटाचं काम असतं. पुढचा नंबर, एक्स्पायरी, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही, मोबाइलवर दोन फोटो. आपल्याकडच्या साइटवर ओटीपी लागतो, मान्य. पण परदेशातल्या बऱ्याच साइट तो विचारतच नाहीत, एवढ्यावर पैसे जातात. दुसरा प्रकार स्किमरचा. मुठीत मावणारं यंत्र, मागची काळी पट्टी त्यातून एकदा ओढली की तीच माहिती कोऱ्या कार्डावर उतरवता येते. चिपची अशी नक्कल होत नाही, पण पट्टी अजून बहुतेक कार्डांच्या मागे आहेच. जिथे अजून पट्टी चालते, तिथे नकली कार्डावर पैसे काढायला उरतो फक्त पिन. तो काकांनी जाहीरच केला होता.

आणि "बँक भरून देईल" म्हणणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक वाचावं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, माहिती तिसरीकडूनच फुटली, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवस लावलेत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. पण पिन स्वतःच कुणाला सांगितलात तर तो निष्काळजीपणा. मग बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते सगळं तुमचं.

खरं कुलूप बँकेच्या अ‍ॅपमध्येच पडलंय आणि ते कुणी उघडून बघत नाही. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डाला वेगवेगळी बटणं आहेत: परदेशी व्यवहार, ऑनलाइन, टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं). परदेशी आत्ताच्या आत्ता बंद करा. विमानात बसायच्या आदल्या दिवशी चालू करता येतं. ऑनलाइन एरवी बंद, खरेदीपुरतं चालू. कार्डावर ऑटोपे लावलं असेल तर हप्ता अडकू शकतो, हे खरं. मग बंद करू नका, मर्यादा खाली आणा. टॅपला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणजे लोकलच्या गर्दीत पाकीट गेलं तर तुम्हाला कळेपर्यंत कुणीही टॅप करत सुटेल. एटीएमची रोजची मर्यादाही तुम्ही खरोखर काढता तेवढीच ठेवा. सीव्हीव्ही पाठ करून वर चिकटपट्टी लावा. आणि हॉटेलात डेबिट कार्ड काढूच नका. क्रेडिट कार्डावर निदान बिलावर भांडता येतं, डेबिटवर खात्यातला पगारच जातो.

गेलेच पैसे, तर आधी अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक. मग बँकेला फोन, तक्रारीचा नंबर लिहून घ्या, आणि लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, इथे मिनिटं मोजतात. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे दुसरा भामटा बसलेला असतो. नंबर कार्डाच्या मागे असतो. कार्डच हरवलं तर? म्हणून तो आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

त्या वेटरवर आता तेवढा राग नाही. मशीनला काउंटरच्या पलीकडे रेंज येत नसेल, आठ टेबलं एकट्याच्या अंगावर, पोरगं विशीतलं. काकांचंही काय, उठून काउंटरवर जाणं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटत असणार. आपल्याला नेमकी इथेच भीड पडते.

काका फेसबुकवर नसतील. पण त्यांच्यासमोर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली त्यांची मुलगी असेल. तर बाई, संध्याकाळी बाबांना त्यांच्या बँकेच्या एटीएमवर घेऊन जा आणि पिन बदल. टाकताना दुसरा हात कीपॅडवर आडवा धरायला सांग. आणि नवा पिन जन्मसाल नको. जुना तोच होता, असा मला दाट संशय आहे. १९ ने सुरू होत होता.